लखोट्यावरचा पत्ता

पत्रातला मजकूर परक्याच्या दृष्टीस पडू नये याची काळजी आपल्या पूर्वजांनी पुष्कळ घेतली. कागदाची घडी करून लखोटा बांधावा, त्यावर लाख लावून मोहोर उमटवावी, आणि राजकारणाचा कागद असेल तर तो विश्वासू जासुदाच्या हाती द्यावा, अशी रीत होती. निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील असलेले गोविंदराव काळे हैदराबादेतून नाना फडणिसांना पत्रे पाठवीत, तो हाच काळ. परंतु लखोटा कितीही पक्का असला तरी तो कोणाकडून निघाला आणि कोणाकडे चालला, हे झाकता येत नसे. पत्ता वाचल्याशिवाय पत्र पोचत नाही, आणि ज्याला पत्ता वाचता येतो त्याला नुसत्या पत्त्यावरूनही बरेच काही ताडता येते. पत्त्याच्या या उघडेपणाचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे. टपालाच्या काळात त्याची फारशी चिंता कोणी केली नाही. आज मात्र खिशातल्या मोबाइलमुळे तो फार वाढला आहे, आणि तो काही अंशी झाकण्याची सोयही त्याच मोबाइलमध्ये आहे.

आपल्या आदिलाबादेपुरते बोलायचे तर येथे टपालाचा अनुभव दुहेरी होता. निजाम सरकारची तिकिटे १८६९ पासून निघू लागली. ती राज्यापुरतीच चालत. राज्याबाहेरच्या पत्रासाठी इंग्रजांची डाक होती. एका सोयऱ्याचे घर किनवटला आणि दुसऱ्याचे वणीला असले, की एका पत्राला निजामी तिकीट आणि दुसऱ्याला इंग्रजी तिकीट लागे. ही दोन डाकांची व्यवस्था १ एप्रिल १९५० रोजी निजामी डाक भारतीय टपाल खात्यात विलीन झाली तेव्हा संपली. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग आपल्या जिल्ह्यातून निघून गेले. तिकीट एक झाले, पण गणगोताच्या मधून राज्याची हद्द गेली. सोयरिकी, शेतीचे वाटे, आजारपणाच्या वार्ता हे सारे हद्द ओलांडूनच जात राहिले.

यांतला फार मोठा भाग कार्डावर जाई. इंग्रजी मुलखात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी पाव आणा किमतीने सुरू झाले. कार्डाला लखोटा नाही. पोस्टमास्तराने वाचावे, पोस्टमनने वाचावे, ज्या दुकानात ठेवले त्या दुकानदारानेही वाचावे. आपल्या मंडळींना हे पक्के ठाऊक होते, म्हणून कार्डावर काय लिहायचे आणि काय नाही याचा एक अलिखित संकेतच तयार झाला. सोयरीक जुळत असेल तर मुलीचे नाव टाळायचे, कर्जाचा विषय 'मागे बोलल्याप्रमाणे' एवढ्यावर आटपायचा. दुःखाची वार्ता आलेले कार्ड बाहेरच वाचून फाडून टाकीत, घरात नेत नसत. उघड्या कागदाबरोबर शहाणपणाने कसे वागावे, हे आपल्याकडे तीनचार पिढ्यांनी शिकून घेतले होते. त्यामागचे गृहीत एकच होते: कार्ड उघडे आहे हे लिहिणाराला माहीत असते.

ज्याला ते माहीत नसते त्याची गोष्ट निराळी. १८४४ साली लंडनमध्ये राहणाऱ्या जोसेफ मॅझिनीला संशय आला की आपली पत्रे वाटेत उघडली जात आहेत. मॅझिनी मराठी वाचकाला अनोळखी नाही. त्याचे आत्मचरित्र सावरकरांनी १९०७ साली मराठीत आणले. त्याने एक साधी युक्ती केली. मित्रांना सांगून पत्रांच्या घडीत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, डोक्याचे केस ठेवायला लावले. पत्र हाती आले तेव्हा खसखस नाहीशी झालेली होती. प्रकरण पार्लमेंटात गेले आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या हुकमावरून पत्रे उघडली गेल्याचे उघडकीस आले. इंग्लंडात मोठा गहजब झाला. त्याच इंग्रजांनी हिंदुस्थानात १८८५ चा तार कायदा आणि १८९८ चा टपाल कायदा करताना मात्र तार अडविण्याचा आणि पत्र रोखण्याचा अधिकार सरकारच्या हाती उघडपणे लिहून घेतला. ही दोन्ही कलमे स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ टिकली, आणि २०२३ च्या टपाल व दूरसंचार कायद्यांतही हा अधिकार कायम आहे. मॅझिनीची खसखस पुढे एकदा लागणार आहे, म्हणून ती येथे लक्षात ठेवावी.

आता इंटरनेटकडे वळू. यंत्रे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नाव आणि आकडा यांची जोडी कोठेतरी लिहून ठेवावी लागते. १९७० च्या दशकात, जेव्हा या जाळ्यावर मोजकीच यंत्रे होती, तेव्हा ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या कचेरीत एकाच दप्तरात ठेवलेली असे. नवे यंत्र जोडायचे तर त्या कचेरीला कळवायचे, तेही कामकाजाच्या वेळेत. यंत्रे वाढली तसे हे एकखांबी दप्तर आवरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी त्याची वाटणी करणारी योजना मांडली: प्रत्येकाने आपापल्या नावांचे दप्तर सांभाळावे आणि विचारणाऱ्याला एकाकडून दुसऱ्याकडे पाठवीत शेवटी उत्तर मिळवून द्यावे. हीच डोमेन नेम सिस्टिम, सर्वांच्या तोंडी असलेले नाव डीएनएस. मोबाइलवर कोणतेही पान उघडण्यापूर्वी, कोणत्याही ॲपने आपल्या कंपनीशी बोलण्यापूर्वी, 'या नावाचा आकडा काय?' ही चौकशी आधी डीएनएसकडे जाते.

आपल्याकडच्या वाचकाला ही व्यवस्था समजायला पटवाऱ्याची आठवण पुरेशी आहे. १९८४ साली रामाराव सरकारने पटेल-पटवारी पद्धत मोडीत काढली, तोवर जमिनीच्या नोंदी त्याच्या बस्त्यात असत. नोंद काही गुप्त नव्हती. पण अमक्याने तमक्या शेताची चौकशी केली, ही गोष्ट पटवाऱ्याला कळल्याशिवाय राहत नसे, आणि पटवाऱ्याला कळले म्हणजे कोणाला कळले हे सांगायला नको. सौदा ठरण्याआधी भाव चढायचे ते उगीच नव्हे. पुढे तो बस्ता गेला, २०२० मध्ये धरणी पोर्टल आले, २०२५ मध्ये त्याची जागा भूभारतीने घेतली. आज आपण शेताची नोंद घरबसल्या पाहतो आणि मध्ये कोणी नाही असे मानतो. मध्ये डीएनएस असतोच. आपण कोणत्या शेताची नोंद पाहिली हे त्याला कळत नाही, परंतु कोणत्या वेळी कोणाच्या दारी गेलो हे कळते. आज भूभारती, उद्या बँकेचे कर्ज, परवा कर्करोगाच्या रुग्णालयाचे नाव. एवढी तीन नावे ओळीने लावली की एका घराची हकीकत समोर उभी राहते.

मोकापेट्रिस यांच्या योजनेत ही चौकशी उघड्या कार्डासारखी जात होती. यात त्यांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. नावे आणि आकडे ही सार्वजनिकच माहिती, मग ती लपवायची कशाला, असा तो सरळ विचार होता. २००५ मध्ये डीएनएसला सुरक्षिततेची जोड देणारे नवे नियम ठरले. त्यांनी उत्तरावर सही करण्याची सोय केली, खोटे उत्तर ओळखता यावे म्हणून. चौकशी झाकणे आपल्या कक्षेत नाही, असे त्या नियमांनीच स्पष्ट म्हटले होते. सार्वजनिक दप्तर आणि त्या दप्तरात कोण काय पाहतो याची माहिती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्तेफान बोर्त्समेयर या फ्रेंच अभियंत्याने २०१५ मधील एका दस्तऐवजात नीट मांडले. आपल्यासारख्या मंडळांच्या ग्रंथालयात हा भेद पहिल्यापासून पाळला जातो. पुस्तकांची यादी भिंतीवर लावतात. कोणी कोणते पुस्तक नेले, ती वही मात्र कपाटात असते.

उघड्या चौकशीचा व्यापारी उपयोगही लवकरच सुरू झाला. सप्टेंबर २००३ मध्ये व्हेरिसाइन या कंपनीने, कोणी 'डॉट कॉम' नाव चुकीचे लिहिले की त्याला 'असे नाव नाही' हे सरळ उत्तर देण्याऐवजी स्वतःच्या पानावर नेण्यास आरंभ केला. जगभर ओरड झाली आणि तीन आठवड्यांच्या आत तो प्रकार बंद करावा लागला. पत्ता चुकलेले पत्र टपाल खात्याने स्वतःच्या दुकानात नेऊन टाकावे, असाच तो प्रकार होता.

येथवर आपण माणसाने केलेल्या चौकशीबद्दल बोललो. खरा प्रश्न पुढचा आहे. मोबाइल माणसाच्या नकळत स्वतःच चौकशा करतो. कार्ड लिहिणारा आपणच नसलो, तर कार्डावर काय लिहू नये या जुन्या शहाणपणाचा काही उपयोग उरत नाही. २०११ मध्ये ट्रेव्हर एकहार्ट या अमेरिकी तंत्रज्ञाने दाखवून दिले की 'कॅरिअर आयक्यू' नावाची एक प्रणाली अनेक हँडसेटमध्ये विकण्याआधीच बसविलेली असून ती वापराच्या नोंदी टिपते. नोव्हेंबर २०१६ मध्ये क्रिप्टोवायर या संस्थेला आढळले की अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त फोनांतील 'ॲडअप्स' ही प्रणाली संदेशांचा मजकूर दर ७२ तासांनी चीनमधील सर्व्हरकडे पाठवीत होती. २०२१ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील डग्लस लीथ यांनी दोन वेळा खसखशीचा प्रयोग केला, असे म्हणता येईल. त्यांनी नुसता पडून असलेला फोन घेतला आणि त्यातून काय बाहेर जाते ते पाहत बसले. पहिल्या अभ्यासात आयफोन आणि गुगलचा पिक्सेल, दोन्ही सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपल्या कंपनीशी बोलताना दिसले. दुसऱ्या अभ्यासात, जो त्यांनी एडिंबरा विद्यापीठातील सहकाऱ्यांसह केला, सॅमसंग, शाओमी, हुआवे आणि रिअलमी यांचे हँडसेट होते. वापरणाराने शक्य तेथे सर्वत्र नकार दिल्यावरही ते निर्मात्या कंपनीला आणि इतर कंपन्यांना माहिती पाठवीत होते. शाओमीच्या फोनमधून तर कोणते ॲप केव्हा आणि किती वेळ पाहिले, याचा तपशील जात होता. ही चाचणी युरोपात विकल्या जाणाऱ्या फोनांवर झाली, हे ध्यानात ठेवावे. फोन नीट चालावा म्हणून काही माहिती पाठविणे आवश्यकच असते, असे कंपन्यांचे म्हणणे पडले. त्यात तथ्य नाही असे नाही. पण 'काही' म्हणजे किती, हे ठरविणारा विकत घेणारा नसतो.

आपल्याकडे याचे ताजे उदाहरण सरकारी आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने 'संचार साथी' हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच बसवून द्यावे असा आदेश कंपन्यांना दिला आणि ओरड होताच ३ डिसेंबर रोजी सक्ती मागे घेतली. ॲप उपयोगाचे आहे. चोरीस गेलेला फोन त्यावरून बंद करता येतो. आक्षेप ॲपला नव्हता, न विचारता घरात आणून बसविण्याला होता. १९ ऑगस्ट २०१४ रोजी आपल्या राज्यात समग्र कुटुंब सर्वेक्षण झाले तेव्हा सारी घरे दिवसभर माणसांनी भरलेली होती. प्रगणक दारात आला, त्याने विचारले, आपण सांगितले. काय सांगितले आणि कोणाला, हे प्रत्येक कर्त्या माणसाला माहीत होते. मोबाइल दार वाजवीत नाही.

चौकशी झाकण्याची हालचाल सुरू झाली ती एडवर्ड स्नोडेन याने जून २०१३ मध्ये अमेरिकी पाळतीचे कागद उघड केल्यानंतर. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या मंडळाने मे २०१४ मध्ये सरसकट पाळत हा जाळ्यावरचा हल्लाच होय, असे लेखी ठरविले. मे २०१६ मध्ये डीएनएसची चौकशी लखोट्यात घालून पाठविण्याचा एक नियम ठरला, ऑक्टोबर २०१८ मध्ये दुसरा. दोन्हींतला फरक सामान्य वाचकाला महत्त्वाचा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ मध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय मिळाली, आणि २०२० मध्ये आयफोनलाही तशीच वाट मोकळी झाली. याला विरोधही झाला. मोझिलाने आपल्या ब्राउझरमध्ये ही पद्धत आणायचे ठरविले, तेव्हा २०१९ च्या जुलैत ब्रिटनमधील इंटरनेट पुरवठादारांच्या संघटनेने तिचे नाव 'खलनायक' पुरस्कारासाठी सुचविले आणि हसे झाल्यावर मागे घेतले. कार्डे वाचायची सवय लागलेल्याला लखोटा खुपतो.

लखोट्यात घातल्याने चौकशी वाटेत वाचली जात नाही, एवढेच साधते. मोबाइलची आपली आपण चाललेली बोलणी त्याने थांबत नाहीत. तीही आता लखोट्यातून जातात. ती थांबवायची तर उत्तर देणारा असा निवडावा लागतो की जो पाळतीसाठीच असलेली नावे ओळखतो आणि त्यांच्यापुरते 'या नावाचे कोणी येथे नाही' असे सांगतो. पटवाऱ्याने अनोळखी दलालाला 'असे शेत आमच्या शिवारात नाही' म्हणून वाटेला लावावे, तसे. अ‍ॅडगार्ड, नेक्स्टडीएनएस अशा सेवा हे काम करतात. क्लाउडफ्लेअरची १ एप्रिल २०१८ रोजी सुरू झालेली प्रसिद्ध मूळ सेवा चौकशी झाकते, पण पाळतीची नावे अडवीत नाही. क्वाड-नाइन फसवणुकीची नावे अडविते, जाहिरातदारांची नाही. हा भेद न कळल्याने अनेकजण एक सेवा लावून दुसरीचे फळ मिळाल्याच्या समाधानात राहतात.

सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या सदरात हा पर्याय सापडतो. तेथे तीन वाटा आहेत: बंद, आपोआप, आणि सेवेचे नाव स्वतः लिहिण्याची. 'आपोआप' ही वाट दिसायला सोयीची, पण कच्ची आहे. जमले तर झाकून, न जमले तर उघड्यानेच, असा तिचा व्यवहार आहे, आणि पाळतीची नावे ती अडवीत नाही. तिसऱ्या वाटेत तडजोड नाही. लिहिलेल्या सेवेशी संपर्क झाला नाही तर इंटरनेटच चालत नाही. म्हणून लॉजच्या किंवा स्थानकाच्या वायफायवर आधी त्यांचे प्रवेशाचे पान उघडेना, तर घाबरून जाऊ नये. तेवढ्यापुरते 'बंद' करावे, काम झाले की पुन्हा पूर्ववत करावे. एखाद्या बँकेचे पान अर्धवट उघडू लागले, तर तेथेही हाच इलाज.

या कुलपाची मर्यादाही सांगितली पाहिजे. एखाद्या प्रणालीत आकडाच कायमचा कोरलेला असला तर ती डीएनएसला विचारतच नाही. काही ॲपे स्वतःचा डीएनएस सोबत बाळगतात. एकाच नावामागून कामाची आणि पाळतीची, दोन्ही बोलणी होत असली तर ते नाव अडवता येत नाही. अडवले तर फोनच अडतो. आपण होऊन दिलेल्या परवानगीला तर हे कुलूप लागूच नाही. डिसेंबर २०२० मध्ये हैदराबाद आणि सायबराबाद पोलिसांनी झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांची प्रकरणे उघडकीस आणली. कर्ज घेणाऱ्याच्या फोनमधील नातलगांचे क्रमांक त्यांनी परवानगी घेऊनच उचलले होते, आणि मग त्या नातलगांत बदनामी करून वसुली चालली होती. काही कर्जदारांनी जीव दिले. तेथे डीएनएसचा काही उपाय चालला नसता. परवानगी विचारणाऱ्या चौकटीवर 'नाही' म्हणणे, एवढाच चालला असता.

कायद्याची बाजू संथपणे पुढे येत आहे. टेलिफोन चोरून ऐकण्याला मर्यादा घालणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएलच्या दाव्यात दिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. निकाल झाला म्हणजे पाळत थांबली असे मात्र नव्हे. दूरध्वनी बेकायदा ऐकल्याच्या आरोपावरून मार्च २०२४ मध्ये आपल्याच राज्यात पोलीस अधिकाऱ्यांना अटक झाली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत.

बेला आणि जैनथकडच्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. पैनगंगेकाठी फोनला कधी अलीकडचा मनोरा लागतो, कधी पलीकडचा. मनोऱ्याबरोबर किंवा सिमकार्डाबरोबर चौकशीला उत्तर देणाराही बदलू शकतो, जुन्या काळी डाक बदले तसा. तिसरी वाट निवडली असेल तर नदीच्या दोन्ही काठांवरून चौकशी त्याच एका सेवेकडे आणि झाकूनच जाते. ती सेवा मात्र लखोटा फोडून वाचणारच, नाहीतर उत्तर देणार कशी? म्हणून चौकशीची नोंद ती किती काळ ठेवते हे तिच्या धोरणाच्या कागदावर पाहून घ्यावे. क्लाउडफ्लेअरने २०१८ मध्ये २४ तासांत नोंदी पुसण्याचे जाहीर केले होते. जी सेवा याविषयी काहीच लिहीत नाही, तिचे नाव त्या चौकटीत लिहू नये.